डाव्या स्टिअरिंगची गाडी उजवी कशी झाली? (चर्चा: हेरपटातल्या गाड्या)

जागलीवाला
परवा हरभऱ्यात जागलीला होतो. रानडुकरांनी यंदा पार जीव खाल्लाय. डोळा लागू नये म्हणून मोबाईलवर बॉन्डचे दोन सिनेमे लागोपाठ पाहिले, आणि लागोपाठ पाहिले म्हणूनच चोरी सापडली.

२००६ च्या 'कॅसिनो रॉयल'मध्ये बॉन्ड बहामात पत्त्यांच्या डावात अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ जिंकतो. स्टिअरिंग डावीकडं, नंबर तिथलाच. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये नट तोच, बॉन्ड तोच. लंडनमध्ये शटर उघडतो तर आत डीबी५ उभी. पण आता स्टिअरिंग उजवीकडं, नंबर बीएमटी २१६ए, म्हणजे थेट १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधला. वरून पुढच्या दिव्यांमागं बंदुका आणि शेजारच्याला छतातून उडवणारी सीटही. पत्त्यात जिंकलेल्या गाडीत हे कधी बसवलं?

गाडी उडू द्या, पाण्यात जाऊ द्या, मला चालतं. रामलीलेतल्या रावणाला दहा तोंडं असतात म्हणून मी कधी उठून गेलो नाही. पण पहिल्या रात्री दहा आणि दुसऱ्या रात्री आठ असली, तर विचारणारच.

पानठेला
अरे भाऊ, डुकरं हाकल ना आधी. तीन तासाचा टाइमपास असते त्यो, आरटीओची परीक्षा नाही.

आर्वी रोडचा मिस्त्री
दुसरी गाडी असन. काहून एवढा बोंबलतं? माणसापाशी दोन गाड्या राहू शकत नाही काय? अन् तीच असली तरी स्टिअरिंग इकडचं तिकडं होते. माझ्या बापानं डाव्या हाताची जुनी जीप उजवी केली होती. स्टिअरिंग बॉक्स हलवला, तिन्ही पेडलं हलवली, क्लचचा रॉड नवा बनवला, ब्रेकचा मास्टर सिलिंडर या बाजूले आणला, डॅशबोर्ड कापून उलटा जोडला. वायपर मात्र डाव्याच बाजूचा राहून गेला. पावसात शेजारी बसलेल्या माणसाले रस्ता दिसे अन् थो डायव्हरले सांगे, "दाब, दाब, आता खड्डा हाय."

मले त्या सिनेमात दुसरंच खुपते. गाडी मातीच्या रस्त्यावर वळते अन् टायर किंचाळते! माती हाय ना बाप्पा! डांबरावर टायर बोंबलते, मातीवर खरखरते. अन् आपली काळी माती त तेही करू देत नाही. भर पावसात धुऱ्यानं शंभर पावलं जीप घाला. चिक्खल मडगार्डात असा ठासून भरते का चाक फिरनंच बंद. खाली उतरून खुरप्यानं कोरा, मंग पुढची शंभर पावलं. हिरोच्या गाडीवर इकडून चिक्खल उडते अन् पुढच्या शॉटमधी धुतल्यावानी चकाचक. हे खोटं हाय. स्टिअरिंगचं सोड.

शाळेतली बाई
जागलीवाले भाऊ, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय असं वाटतं. गाडी तीच दिसली पाहिजे आणि करामत खरी असली पाहिजे, या दोन मागण्यांचं एकमेकींशी पटत नाही.

१९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये एएमसी हॉर्नेट गाडी थायलंडमधल्या एका मोडक्या पुलावरून उडते, हवेत पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडं चार चाकांवर उतरते. ती उडी खरी आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल प्रयोगशाळेत तिचं गणित संगणकावर मांडलं होतं आणि ती एकाच टेकमध्ये झाली. तोल साधावा म्हणून चालवणाऱ्याला गाडीच्या मधोमध बसवलं होतं. म्हणजे स्टिअरिंग डावीकडंही नाही, उजवीकडंही नाही! मागच्या-पुढच्या दृश्यांत बॉन्ड नेहमीच्या जागी बसलेला आहे. तुमच्या नियमानं ही चूकच. पण ती चूक केली नसती तर उडी झाली नसती.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढी खरी उडी, आणि तिच्यावर त्यांनी सर्कशीतल्या शिट्टीसारखा आवाज टाकला. मुलांना दाखवली तर सगळी खो-खो हसली, "बाई, हे कार्टून आहे."

पानठेला
बाई शाळेत बॉन्ड दाखवते? माया टायमाले असं काही नव्हतं.

शाळेतली बाई
घरी हो. भाचरं आली होती.

जागलीवाला
बाई, हॉर्नेटचं माहीत नव्हतं, मान्य. पण ती चूक डोळ्यांना दिसत नाही. उडी दोन-तीन सेकंदांची, काचेआड कोण कुठं बसलाय ते कुणाला कळतं? मी दिसणाऱ्या चुकीबद्दल बोलतोय. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर'मध्ये लाल मस्टँग अरुंद बोळात उजव्या दोन चाकांवर शिरते आणि डाव्या दोन चाकांवर बाहेर येते. बोळ एवढा चिंचोळा की गाडी आत चार चाकांवर मावतच नाही, म्हणून तर तिला तिरकी केली. मग कूस कुठं बदलली? त्यांनाही हे कळलं असणार, कारण मध्ये एक तुकडा जोडलाय: गाडी बोळातच एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडते. चूक झाकायला गेले आणि तिच्यावर बोट ठेवून बसले.

मिस्त्री काका, "दुसरी गाडी असन" हे मला पटत नाही. मग २०१५ च्या 'स्पेक्टर'मध्ये, 'स्कायफॉल'मध्ये जळालेली तीच डीबी५ पुन्हा बांधून का देतात? तिथं त्यांना 'तीच गाडी' हवी असते, कारण आपल्याला बरं वाटतं. सोयीचं असेल तेव्हा तीच, नसेल तेव्हा दुसरी.

आर्वी रोडचा मिस्त्री
आता मुद्द्याचं बोलला तू. पण 'स्कायफॉल'मधी खरी डीबी५ जाळलीच नाही, लहान मॉडेल बनवून जाळलं. लाखमोलाची गाडी कोन जाळन? म्या त कुणाले बोलेरोबी जाळू देणार नाही.

अन् 'कॅसिनो रॉयल'चंच घे. बॉन्डची दुसरी अ‍ॅस्टन मार्टिन, डीबीएस, रस्त्यावर लोळते ना, सात पलट्या खाते. तवाचा रेकॉर्ड होता थ्यो. थे गाडी रॅम्पवरून पलटेच ना, एवढी खाली बसलेली. मंग डायव्हरच्या मांगं नायट्रोजनची तोफ बसवली, तिनं जमिनीले धक्का देल्ला तवा पलटली. खरी पलटी, पन तोफेच्या जोरावर. हे खरं का खोटं, सांग!

पुण्यातला वऱ्हाडी
उशिरा आलो. पिरियड सिनेमांच्या नंबर प्लेटबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आपल्याकडच्या हेरगिरीच्या सिनेमात १९७१ सालचं युद्ध दाखवतात आणि जीपवर राज्याची दोन अक्षरं, मग दोन आकडे. ही पद्धत १९८९ मध्ये आली. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढं आकडे असायचे. यवतमाळच्या माणसाला एमएच २९ दिसलं की तो १९७१ मधून उठून थेट आर्णीच्या स्टँडवर येतो. स्टिअरिंग सापडायला दोन सिनेमे लागोपाठ पाहावे लागतात, प्लेट पहिल्या शॉटलाच सापडते.

तरी मी बाईंच्या बाजूचा. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मधली पाणबुडी होणारी लोटस एस्प्रि आठवा. पाण्याखालच्या शॉटमधल्या त्या गाडीत पाणी शिरू नये अशी सोयच नव्हती. आत पाणीच भरलेलं असायचं आणि पाणबुडे श्वासाचं सामान लावून ती चालवायचे. खिडक्यांना पट्ट्या लावल्या होत्या, त्यामागं ते झाकले जायचे. पडद्यावर मात्र बॉन्ड सुटाबुटात आत बसलेला. आणि गाडी किनाऱ्यावर आल्यावर तो खिडकीतून एक मासा बाहेर टाकतो. जागलीवाले, या माशाचं काय करायचं? मध्येच थोडी गळती दाखवली आहे खरी, पण त्या गळतीतून एवढा मासा?

जागलीवाला
मासा माफ. त्यांनी तो गंमत म्हणून टाकलाय, आणि त्या किनाऱ्यावरच्या लोकांसारखाच मीही तोंड उघडं टाकून बघत बसलो होतो. डीबी५ च्या बाबतीत तसं कुणी डोळा मारत नाही, उलट गंभीर संगीत लावतात. नंबर प्लेटचं शंभर टक्के मान्य, ते तर आळसाचं काम.

मिस्त्री काका, तोफेचं विचारलंत. माझ्या मते खरं. गाडी तीच, रस्ता तोच, लोळली ती खरोखर लोळली.

आर्वी रोडचा मिस्त्री
मंग बाईची हॉर्नेटबी खरीच झाली ना? तिथं स्टिअरिंग हलवलं, इथं तोफ टाकली. फरक काय?

जागलीवाला
विचार करून सांगतो. नाल्याकडून आवाज येतोय, बॅटरी घेऊन जाऊन येतो.

पानठेला
गेला. बाई, ते थायलंडवाल्या उडीचं लिंक टाका बरं, पोट्ट्याले दाखवतो. आवाज बंद करून.