अनुभव धागा: फुटबॉलमधला गुणी पण लहरी मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू), रुळावर येतो का?

एका रविवारी सामना एकहाती फिरवतो, पुढच्या रविवारी मैदानावर आहे की नाही तेच कळत नाही. पुण्यातल्या प्रत्येक संघात असा एक तरी असतोच. ‘गुणी आहे हो, पण...’ यातल्या ‘पण’च्या पुढचं जाणकारांनी लिहावं. ‘मनावर घेत नाही’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते कुणालाही सुचतं. मोजता येईल, बदलता येईल असं काही लिहा.

वहीवाला
आधी लहर नेमकी कशात आहे ते शोधा. दहा सामन्यांची नोंद ठेवा: कोणत्या जागी खेळला, शेजारी कोण होतं, समोरचे अंगावर येत होते की मागे बसले होते, चेंडू कितव्या मिनिटाला घालवले. बऱ्याचदा खेळाडू तोच असतो, त्याला दिलेलं काम बदलत असतं. फ्रान्सचा पोग्बा बघा. इटलीच्या युव्हेंटसमध्ये मधल्या तिघांच्या फळीत डावीकडे, मागे पिर्लो, पलीकडे विदाल नाहीतर मार्किझिओ. 2016 मध्ये मँचेस्टर युनायटेडने विक्रमी किंमत मोजून घेतला आणि कित्येकदा दोघांच्या जोडीत खोल उभा केला. हा पुढे गेला की मागे भोक. 2018 च्या विश्वचषकात शेजारी चेंडू हिसकावण्यात पटाईत कांते आणि डावीकडून आत येऊन जागा झाकणारा मात्युइदी. तोच पोग्बा अंतिम सामन्यात गोल करून गेला.

कोथरूडचा लेफ्ट बॅक
शेजारी कांते असेल तर आमचा गोलकीपरसुद्धा मिडफिल्डमध्ये खपेल. ग्राव्हेनबर्खचं उदाहरण मला जास्त पटतं. जर्मनीच्या बायर्नमध्ये बाकावर, 2023 मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूलला आला, पहिल्या वर्षी आत-बाहेर. 2024-25 मध्ये प्रशिक्षक स्लॉटने त्याला बचावफळीच्या पुढ्यात खोल ठेवला आणि संघ लीग जिंकला. पाठीवर माणूस घेऊन अर्ध्या वळणावर चेंडू घेणं ही त्याची खरी ताकद, ती तिथे कामी आली.

बालेवाडीकर
आपल्याकडचं खास कारण म्हणजे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं छोटं मैदान. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, एरवीही तासाच्या भाड्याचं जाळीतलं टर्फच सोयीचं. पाच-पाच नाहीतर सात-सात. ऑफसाइड नाही, चुकलेला पास जाळीला लागून परत येतो, लांबात लांब पास 15-20 मीटर. मग 105 बाय 68 मीटरच्या पूर्ण मैदानावर हा मुलगा पहिली वीस मिनिटं सुरेख खेळतो आणि खेळ पसरला की हरवतो. पाय चांगलाच असतो, पण 35 मीटरवर मोकळा असलेला विंगर (कडेने हल्ला करणारा) त्याच्या हिशेबातच नसतो.

आठवड्यातून दोनदा पूर्ण रुंदीवर बाजूबदल, म्हणजे एका कडेचा चेंडू दुसऱ्या कडेला नेणं, करून घ्या. एका कडेला फुलबॅक (कडेचा बचावपटू), मधे हा, दुसऱ्या कडेला विंगर. दोनच स्पर्श: पहिला येणाऱ्या चेंडूपासून लांबच्या पायावर, अंग पलीकडच्या कडेकडे उघडून, दुसरा थेट पास. दोन्ही बाजूंना 12-12 फेऱ्या. चुकतं ते इथे: मुलं चेंडू पायात आल्यावर मान वर करतात. चेंडू निघण्याआधी एकदा आणि वाटेत असताना एकदा मागे बघायलाच हवं. म्हणून मागे एकाने बोटं दाखवायची आणि चेंडू घेताना याने आकडा ओरडायचा. आकडा चुकला तर फेरी धरायची नाही.

औंधकर
@बालेवाडीकर, सामन्यात हे मोजायचं कसं?

बालेवाडीकर
उंचावरून मोबाइलवर चित्रण करा. कॅमेरा चेंडूमागे न पळवता त्या एकट्यावर ठेवा. पास मिळण्याआधीच्या 10 सेकंदांत मान किती वेळा वळली? चार-पाच म्हणजे ठीक, एक-दोन म्हणजे नशिबावर चाललंय. साठाव्या मिनिटानंतर परत मोजा. बऱ्याच जणांची मान पायांच्या आधी दमते.

डबेवाली
रविवारी सकाळी सामना आणि शनिवारी उपास, हे कुणी वहीत लिहिता का? आदल्या दिवशी किलोमागे 6 ते 8 ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे 55 किलोच्या मुलाला 330 ते 440 ग्रॅम. साबुदाणा त्यासाठी उत्तम, पण खिचडीतलं दाण्याचं कूट आणि तूप पोट आधीच भरून टाकतात. उपास मोडायचा नसेल तर रताळी, केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू दिवसभर थोडेथोडे. सामन्याआधी तीन तास कमी तेलाचे पोहे, दाणे वगळून. सातच्या सामन्याला पहाटे चारला पोहे कोण करणार, हे मान्य! मग तासभर आधी दोन केळी आणि मध्यंतराला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

वहीवाला
13 ते 15 च्या मुलाची उंचीही दर तीन महिन्यांनी भिंतीवर मोजा. वर्षाला 8-10 सेंटिमीटरच्या वेगाने वाढत असेल तर पाय लांबलेत आणि पहिला स्पर्श बिघडणारच. तेवढ्यात त्याला ‘लहरी’ ठरवू नका.

चिंचवडी
सगळं मान्य. पण बाविशीनंतर एक गोष्ट क्वचितच सुधारताना दिसते: चेंडू गमावल्यावरचे पहिले पाच सेकंद.

औंधकर
ते घड्याळ लावून मोजायचं का?

चिंचवडी
घड्याळ नको. चेंडू गेला की त्या क्षणी याच्याकडे बघा. पहिली दोन पावलं कुठे पडतात: चेंडूकडे, आपल्या गोलकडे की हात पसरून रेफरीकडे? सलग चार सामने रेफरीकडेच गेली तर त्याला विंगवर हलवा. मधलं भोक तरी बुजेल.