मदत हवी आहे: चीनचं परराष्ट्र धोरण, काय वाचू?

तळटीप | मंगळ, रात्री ११:४०
चीनचं परराष्ट्र धोरण आणि जागतिक संबंध हा विषय घेतलाय. सरांनी परत पाठवला, म्हणे फार पसरट आहे. चीनच केवढा आहे, विषय पसरट असणारच ना? बेल्ट अँड रोड (चीनची देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं बांधायची योजना), तैवान, आफ्रिका, रशिया, गलवान सगळं घेतलंय. नेटवर एक म्हणतो चीन कर्ज देऊन देशांना सापळ्यात अडकवतो, दुसरा म्हणतो सापळा वगैरे झूट. नेमकं काय वाचू ते सांगा. विकिपीडिया सांगू नका. घाई आहे.

कावळा_उवाच
कशासाठी? एमए, पीएचडी, की नुसती हौस? किती पानं? घाई म्हणजे उद्या की दिवाळीनंतर?

भाऊसाहेब_५९
यूपीएससी असेल तर जीएसचा दुसरा पेपर, 'भारत आणि शेजारी'. १९५४ चा पंचशील करार, १९६२, डोकलाम २०१७, गलवान २०२०. एका पानावर तक्ता करा आणि भिंतीवर चिकटवा. आमच्या पुतण्याला फार उपयोग झाला.

तळटीप
यूपीएससी कुठे म्हटलं मी? एमएचा लघुप्रबंध आहे.

मँडरिन_मावशी
आधी भाषा शिका. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या निदान चार पातळ्या झाल्याशिवाय चीनवर लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी पन्नाशीत सुरुवात केली.

कावळा_उवाच
मावशी, त्याला घाई आहे. तळटीप, चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकार परिषदांची टिपणं इंग्रजीत मिळतात. तिथल्या स्टेट काउन्सिलच्या, म्हणजे मंत्रिमंडळाच्या, श्वेतपत्रिकाही मिळतात, बेल्ट अँड रोडवरची ऑक्टोबर २०२३ ची आहे. चीन स्वतःबद्दल काय सांगतो ते आधी वाचा, मग टीकाकारांकडे वळा. पानांचं अजून सांगितलं नाहीत.

सह्याद्रीचा_कडा
श्वेतपत्रिका कसल्या वाचताय! श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर बघा. चीनचं कर्ज फेडता आलं नाही, बंदर चीनकडे गेलं ९९ वर्षांसाठी. संपला प्रबंध. आणि आधी घरातला चिनी मोबाईल फेका.

विदाभक्त
कडा, तारखा लावून बघा. चीनच्या सरकारी एक्झिम बँकेचं बंदरासाठीचं पहिलं कर्ज २००७ चं, सुमारे ३० कोटी डॉलर. बंदर भाड्याने देण्याचा करार २०१७ चा, तोही आधीचे अध्यक्ष राजपक्षे यांच्या नव्हे, नंतरचे अध्यक्ष सिरिसेना यांच्या काळातला. चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीने सुमारे ११२ कोटी डॉलर मोजले. त्यातून बंदराचं कर्ज फिटलं नाही, डॉलर गेले परकीय गंगाजळीत आणि कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. श्रीलंकेच्या गळ्याशी आलं होतं ते मुख्यतः खुल्या बाजारात विकलेल्या सार्वभौम (सरकारी) रोख्यांचं देणं. कर्जाच्या बदल्यात बंदर जप्त, ही गोष्ट सुटसुटीत आहे, पण तशी घडलेली नाही.

सह्याद्रीचा_कडा
मग ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग-५ ही चिनी टेहळणी नौका तिथे काय आंघोळीला आली होती? भारताने आक्षेप घेतला, श्रीलंकेने आधी 'थांबा' म्हटलं, मग येऊ दिली. जप्ती म्हणा नाहीतर भाडेपट्टी, जहाज लागलंच ना?

विदाभक्त
लागलं. हा मुद्दा मान्य. पण तो कर्जाचा नाही, चीनच्या राजकीय वजनाचा आहे. दोन्हींची खिचडी केलीत की प्रबंध गेला.

मँडरिन_मावशी
भारत बेल्ट अँड रोडमध्ये नाही, कारण त्यातला सीपेक (चीन-पाकिस्तान आर्थिक मार्ग) पाकव्याप्त काश्मीरमधून जातो. पण बीजिंगमधल्या एआयआयबी या आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत चीनखालोखाल भागभांडवल आपलंच आहे. यावर कोणी लिहीत नाही.

भाऊसाहेब_५९
अवांतर: चीनशी संबंध म्हटलं की आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. तिथले नेते भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत. प्रस्तावनेत घ्याच.

कावळा_उवाच
भाऊसाहेब, वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. तळटीप, पानं?

तळटीप
साठ. मराठीतून. सोमवारी रूपरेषा द्यायची आहे. हे सगळं वाचून डोकं भणभणतंय, सापळा आहे की नाही ते एका वाक्यात सांगा ना.

विदाभक्त
ते तुम्ही साठ पानांत सांगायचंय! मराठीतून आहे आणि सोमवारी आहे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मावशींचा चिनीचा वर्ग वाचला असता. एकच बंदर घ्या. हंबनटोटा, २००७ ते २०२२. प्रश्न असा: बंदर चीनकडे कशामुळे गेलं, कर्जामुळे की कोलंबोच्या डॉलरटंचाईमुळे? श्रीलंकेच्या अर्थखात्याची कर्जाची आकडेवारी, २०१७ चा करार आणि जहाजाच्या वेळची दिल्ली, कोलंबो, बीजिंग तिघांची निवेदनं. एवढ्यात साठ पानं भरतात, उलट कापावं लागेल.

सह्याद्रीचा_कडा
आणि जहाजाचं प्रकरण सर्वांत मोठं ठेवा.

विदाभक्त
छोटं ठेवा.

तळटीप
ठीक, हंबनटोटा. सरांना आज रात्रीच पाठवतो. तैवानचं एक प्रकरण राहू दे का? लिहून झालंय.

कावळा_उवाच
नाही.