सरासरीच्या आधी टूफिक्स्ड लावू नका

सांगलीचा कोडर: काल इथे एकाने जावास्क्रिप्टमध्ये सरासरी काढायचा सल्ला दिला, "ॲरेतला, म्हणजे यादीतला, प्रत्येक आकडा आधी टूफिक्स्ड(२) मधून काढून दोन दशांशांवर आणा, मग बेरीज करून भागा, दशांशाची कटकट संपते." नवी पोरं हे उचलतील म्हणून सविस्तर लिहितोय. टूफिक्स्ड आकडा देत नाही, स्ट्रिंग, म्हणजे मजकूर देतं, आणि मजकुराची बेरीज होत नाही, तो एकापुढे एक चिकटतो. रिड्यूस (यादी एकेक करून मिळवणारं फंक्शन) शून्यापासून सुरू करून ०.१ आणि ०.२ घाला, हातात येतं "००.१००.२०". भागलंत की एनएएन, म्हणजे "हा आकडाच नाही". परत नंबर करून घेतलं तरी १.००५ चं १.०० झालेलं असतं, कारण बायनरीत तो आकडा मुळातच किंचित कमी साठतो. रुपये असतील तर पैशांच्या पूर्णांकात बेरीज करा आणि राउंड एकदाच, शेवटी.

कालचा सल्ला माझा: नंबर करून घ्यायचं हे गृहीत होतं. दहा वर्षं बिलं काढतोय, एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. सोळाव्या दशांशाने कुणाचं पोट दुखतं?

सांगलीचा कोडर: ०.१, ०.२, ०.३ ची सरासरी ०.२०००००००००००००००४ येते. तेच उलट क्रमाने मिळवा, ०.१९९९९९९९९९९९९९९९८. आता "=== ०.२", म्हणजे नेमकं ०.२ आहे का, तपासून बघा; दोन्ही वेळा उत्तर नाही. आणि मधेच छाटल्याने काय होतं ते व्हँकुव्हर शेअर बाजाराने भोगलंय. १९८२ मध्ये १००० वर सुरू झालेला निर्देशांक दर सौद्याला तीन दशांशांपुढे छाटत गेले. १९८३ च्या नोव्हेंबरात तो ५२४ च्या आसपास होता, खरा हिशोब १०९८ चा निघाला.

गोठेवाला: दशांश राहू द्या, सरासरीच चुकीची काढतात त्याचं काय? आमच्या डेअरीत सोमवारी १० लिटर घातलं, फॅट ४.४. मंगळवारी गाय तापली, २ लिटर, ३.६. बिलावर सरासरी ४.०! वडील तीनदा जाऊन आले. "कॉम्प्युटर चुकत नाही" म्हणे.

कालचा सल्ला माझा: विषय जावास्क्रिप्टचा आहे. दुधाचं इथे कशाला?

गोठेवाला: कारण ते तुमच्यासारख्यांनीच लिहिलंय! बेरीज भागिले लेंग्थ (यादीत किती आकडे ते), की झाली सरासरी. लिटर कुणी बघायचे?

सांगलीचा कोडर: दादा, बरोबर आहे तुमचं. फॅट दहापट करून ४४ आणि ३६ असे पूर्णांक धरा. १० गुणिले ४४, अधिक २ गुणिले ३६, झाले ५१२. भागिले १२, मग भागिले १०. ४.२७ येतं.

कालचा सल्ला माझा: ठीक, टूफिक्स्ड शेवटी लावेन. पण पैशांत मोजायला अख्खा जुना कोड बदलणार नाही, ते सांगू नका.

गोठेवाला: ४.२७ लिहून घेतलं. उद्या सकाळच्या दुधाबरोबर मीच जातो.