घरच्यांबरोबरच्या गेममध्ये कच्चा लिंबू असावा की नसावा?

रविवारचा_रिमोट

सरळ मुद्द्यावर येतो. आई-बाबा, वहिनी, भाचरं, आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरलेले काका, अशा सगळ्यांना घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम हा कच्च्या खेळाडूला सांभाळून घेणाराच हवा. डबा ऐसपैस खेळताना धाकटं भावंड मागे लागलं की आपण त्याला कच्चा लिंबू करून घ्यायचो. त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण पळायची मजा पुरेपूर. चांगल्या घरगुती गेममध्ये ही सोय मुळातच असते. नसेल तर तो गेम दोन डावांत बंद पडतो आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात.

‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ घ्या. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, २०१७ साली निन्टेंडो कंपनीच्या स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर आला, आमच्याकडे पाहुणे आले की अजूनही तोच लागतो. एका टीव्हीवर चौघं जण. रस्त्यातले खोके गाडीने फोडले की काहीतरी हत्यार मिळतं, आणि काय मिळणार ते तुम्ही पहिल्याच्या किती मागे आहात त्यावर ठरतं. पहिल्याच्या पदरात नाणं नाहीतर केळ्याची साल. अगदी मागे रखडलेल्याला बुलेट बिल, म्हणजे गाडीचा तोफगोळा होतो आणि स्टिअरिंगला हातही न लावता समोरच्यांना उडवत पुढे जातो. वर स्मार्ट स्टिअरिंग आहे, ते चालू केलं की गाडी रस्त्याखाली पडत नाही. ऑटो ॲक्सिलरेट लावलं की बटणसुद्धा दाबून धरायला नको. त्यामुळे बालवाडीतली भाची आणि माझे बाबा एकाच शर्यतीत असतात आणि दोघांनाही आपणच गाडी मारतोय असं वाटतं.

तुमचं मत सांगा. ‘त्यापेक्षा पत्ते कुटा’ हा प्रतिसाद कृपया नको. पत्तेही कुटतो आम्ही.

डब्बा_गुल

साफ असहमत.

तीन फेऱ्या नीट गाडी हाकली, एक वळण चुकलं नाही, शेवटची रेघ दिसायला लागली आणि मागच्या कोणीतरी सोडलेलं कासवाचं निळं कवच येऊन टाळक्यात बसलं. का? तर तुम्ही पहिले आहात म्हणून! १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’ पासून हा अन्याय राजरोस चालू आहे आणि लोक त्याला गंमत म्हणतात.

आणि तुमच्याच उदाहरणात खोट आहे. आपला कच्चा लिंबू डावात असायचा, पण डाव जिंकायचा नाही. तो फक्त पळायचा. इथे तो तोफगोळा होऊन जिंकतो. हे सांभाळून घेणं नव्हे, ही कॉपी पुरवणं झालं.

आम्ही टीव्ही गेमवर ‘काँट्रा’ खेळून मोठे झालो. त्या धबधब्याच्या लेव्हलला स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. माझा थोरला भाऊ माझ्यासाठी कध्धीच थांबला नाही. सगळ्या लाइफ तिथेच जायच्या. म्हणून तर उडी मारायला शिकलो.

रविवारचा_रिमोट

भाऊ थांबला नाही हे तुम्ही कौतुकाने सांगताय, त्या भावाचं मत काय आहे कोण जाणे.

निळ्या कवचावर उपाय आहे. ‘८’ मध्ये सुपर हॉर्न म्हणून भोंगा मिळतो. तो जपून ठेवायचा आणि कवच डोक्यावर घिरट्या घालायला लागलं की वाजवायचा, कवच फुटतं. म्हणजे मुरलेल्या खेळाडूला अक्कल वापरायला जागा ठेवलेली आहे. राहिला प्रश्न जिंकण्याचा. माझ्या बाबांना बुलेट बिल मिळालं तर ते बाराव्याचे सहावे होतात. पहिले होत नाहीत. तुमची गादी सुरक्षित आहे.

डब्बा_गुल

मुरलेल्या खेळाडूची अक्कल कुठे चालते ते मी सांगतो. तो मुद्दाम मागे राहतो. सुरुवातीला रेंगाळायचं, मागच्यांसाठी ठेवलेलं तगडं हत्यार उचलायचं आणि शेवटच्या फेरीत सुसाट सुटायचं. मारिओ कार्टच्या पट्टीच्या खेळाडूंचा हा ठरलेला डाव आहे. गरिबांसाठी काढलेली योजना शेवटी कोणाच्या खिशात जाते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

उलट ‘टेकेन ३’ आठवा. मारामारीचा गेम, कोणालाही कसलीही सवलत नाही. तरी आमच्या कॉलनीत नवा पोरगा एडी गोर्डो नावाचा लढवय्या घ्यायचा, लाथेची दोन बटणं डोळे मिटून बडवायचा आणि महिनाभर कॉम्बो, म्हणजे लागोपाठच्या फटक्यांची बटणं, पाठ केलेल्याला आडवा करायचा. याला म्हणतात संधी. कोणी दान दिलेली नाही.

रात्रपाळी

एडी गोर्डो!! त्याच्यावरून आमच्याकडे अबोले झालेत.

बाकी तुम्ही दोघंही एकमेकांविरुद्ध खेळण्यातच अडकलात. घरात एकाच बाजूने खेळायचे गेम घ्या, मग कच्चा-पक्का हा प्रश्नच राहत नाही. ‘इट टेक्स टू’ आम्ही नवरा-बायकोने मुलं झोपल्यावर संपवला. २०२१ चा गेम, त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं एक जोडपं बाहुल्या होऊन बसतं आणि घरभर धडपडत फिरतं. एकट्याने खेळताच येत नाही, दोघं हवेतच. एका भागात माझ्याकडे चिकट डिंक फवारायची बंदूक आणि तिच्याकडे पेटत्या काड्या मारणारी. मी फवारल्याशिवाय तिची काडी वाया, आणि तिने काडी मारल्याशिवाय माझा डिंक नुसताच चिकट. कोणी मेलं तर बटण बडवून लगेच परत येतं. ऑनलाइन खेळायचं असेल तर एकाने विकत घेतला की पुरतो, दुसऱ्याला फ्रेंड्स पास फुकट.

नीलिमा_ठाणे

एकाच बाजूने खेळल्यावर भांडण होत नाही असं म्हणणाऱ्याने ‘ओव्हरकुक्ड’ खेळलेला दिसत नाही.

दोन माणसांच्या एका ब्रिटिश कंपनीने २०१६ साली काढलेला हा गेम. चौघांनी मिळून हॉटेलचं स्वयंपाकघर चालवायचं. भाजी चिरा, शिजवा, ताटलीत वाढा, द्या, खरकट्या ताटल्या धुवा. वेळ संपत असते आणि मध्येच स्वयंपाकघर दुभंगून दोन ट्रकवर जातं. आमच्याकडे नणंद, तिचा नवरा, माझा नवरा आणि मी. पहिल्या पाच मिनिटांत ज्याला गेम येतो तो मुकादम झाला. ‘कांदा टाक! कांदा! अगं टोमॅटो नको! ताटल्या संपल्या, कोण आहे ताटल्यांवर?’ ताटल्यांवर मी. संबंध संध्याकाळ मी ताटल्या धुतल्या, आणि गेम बंद करून उठले तर सिंकमध्ये खऱ्या तयारच होत्या. मध्ये एकदा गॅसवर राहिलेलं सूप पेटलं, विझवायचं नळकांडं कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं आणि ते का माहीत नाही यावरून आमचं खरं भांडण झालं.

विरुद्ध खेळताना कच्चा माणूस नुसता हरतो. एकत्र खेळताना तो सगळ्यांच्या गळ्यातली धोंड होतो. मला विचाराल तर हरणं परवडलं. २०२० च्या ‘ऑल यू कॅन ईट’ आवृत्तीत असिस्ट मोड आहे, वेळ वाढवून मिळतो. तो लावल्यावर जरा माणसात आलो.

लॅमिंग्टनचा_वाटसरू

आधी खर्चाचं बोला. स्विच भारतात कंपनी अधिकृतपणे विकत नाही, सगळा आयात माल, दुकानदार सांगेल तो भाव आणि वॉरंटीचं नाव काढू नका. चौघांसाठी जास्तीचे कंट्रोलर वेगळे. एवढ्यात एक बऱ्यापैकी फ्रिज येतो.

लोकांनी लॉकडाउनमध्ये काय खेळलं? ‘लुडो किंग’. नवी मुंबईत बनलेला, २०१६ पासून आहे, एकच फोन चौघांत फिरवता येतो. फाशात कच्चा-पक्का काही नसतं, वाद मिटला. (पैसे लावायचे लुडो वेगळे. ते ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाले, बरंच झालं.)

डब्बा_गुल

लुडो किंगमध्ये खेळणारा काय करतो? स्क्रीनला बोट लावतो. तेवढं तर माझी मांजरसुद्धा करते.

आजोळ

तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांपैकी मी एक. वय सत्तरच्या पुढे, बँकेतून निवृत्त. म्हटलं कच्च्या लिंबालाही विचारा की.

नातवाने मला हेच मारिओ कार्ट शिकवलं. मी पहिल्याच दिवशी सरळ रस्त्यावर चालवायला लागले. सगळे म्हणाले आजी फार लवकर शिकली. मलाही खरं वाटलं. मग एकदा पाहिलं तर माझ्या गाडीच्या मागे एक लहानशी अँटेना होती, वळणावर लुकलुकायची. बाकी कोणाच्या गाडीला नव्हती. विचारलं तर नातू हसायला लागला. ते स्मार्ट स्टिअरिंग होतं म्हणे, आणि गाडी मी नव्हे, ते चालवत होतं. मला भयंकर राग आला. मदतीचा नाही आला. मला न सांगता लावली होती, त्याचा.

डबा ऐसपैसमध्ये कोण कच्चा लिंबू आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं, आणि त्या पोरालाही. ते स्वतःच ‘मी कच्चा लिंबू’ म्हणून ओरडत यायचं. इथे सगळ्यांना माहीत आणि मी तेवढी अंधारात.

आता मला कोणता गेम आवडतो ते सांगते. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’. नाव इंग्रजी आणि लांबलचक, आम्ही ‘बॉम्ब’ म्हणतो. एकाला स्क्रीनवर बॉम्ब दिसतो. बाकीच्यांना स्क्रीन बघायचीच नाही, त्यांच्या हातात तो निकामी करायच्या सूचनांची पुस्तिका. ती फुकट मिळते, मी छापून घेतली आहे. नातू ओरडतो, ‘आजी, तीन वायरी, दोन निळ्या, एक पांढरी!’ मी सांगते, लाल नाही ना, मग दुसरी काप. चार वायरी असल्या तर आणखी मजा. लाल एकाहून जास्त आणि सीरियल नंबरचा शेवटचा आकडा विषम असेल तर शेवटची लाल कापायची, नसेल तर खालची पुढची अट बघायची. अगदी आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकासारखं. उभा जन्म ती वाचण्यात गेला. पोरांना एक ओळ धड शेवटपर्यंत वाचवत नाही. तिथे कच्चे ते आहेत.

म्हणून मला सवलत नको. मला माझं काम असलेला गेम द्या.

रात्रपाळी

आजी __/\__

लीड्सचा_पाऊस

आजोळ यांना +१. आमच्यात अर्धी माणसं इंग्लंडात, अर्धी सांगलीत, त्यामुळे एका टीव्हीचा प्रश्नच नाही. आधी ‘अमंग अस’ केला. २०१८ चा गेम, २०२० मध्ये अचानक जगभर पसरला. मोबाइलवर फुकट. इम्पोस्टरने गुपचूप खून करायचे, बाकीच्यांनी बैठक घेऊन तो ओळखायचा. गेम फसला, कारण आम्ही व्हॉट्सॲप कॉल चालू ठेवून खेळत होतो आणि मेलेल्याने गप्प बसायचं हे बाबांना मान्य नव्हतं. मेले की लगेच, ‘मला हिने मारलं! वायरिंगपाशी! मी पाहिलं!’

मग ‘स्क्रिबल’ लागला आणि टिकला. ब्राउझरमध्ये उघडतो, एकाने चित्र काढायचं, बाकीच्यांनी शब्द टाइप करून ओळखायचा. स्वतःची खोली उघडली की आपले शब्द घालता येतात. आम्ही घातले: पाटा-वरवंटा, एसटी स्टँड, मुंडावळ्या, चकली. रोमन अक्षरांत टाइप करतो, त्यामुळे चकलीच्या स्पेलिंगवरून दर वेळी रणकंदन. आई ‘ए’ जास्त घालते, गेम तिला सांगतो की जवळ आहेस, ती म्हणते जवळ काय, हीच चकली आहे. चित्र सगळ्यांचंच वाईट, म्हणून कोणी कच्चा नाही. मुंडावळ्यांचं चित्र काढून बघा एकदा.

रविवारचा_रिमोट

आजोळ, न सांगता मदत लावणं चूकच, त्यात दुमत नाही. पण तुमचा ‘बॉम्ब’ पुस्तिकेची भाषा वाचता येणाऱ्यालाच खेळता येतो. माझ्या आईच्या हातात ती पुस्तिका दिली तर ती ताटल्यांवरच जाणार. बुलेट बिलला भाषा लागत नाही. मी अजूनही म्हणतो, सोय हवीच. फक्त ती खेळणाऱ्याच्या हातात द्या. अँटेना लावायची की काढायची ते आजी ठरवतील, नातू नाही.

नीलिमा_ठाणे

कच्च्यालाच का सोय द्यायची? पक्क्याला अडचण द्या. कॅरम खेळताना माझे सासरे नवख्यासमोर डाव्या हाताने खेळतात. समोरच्याला दान नाही आणि दया नाही, ओझं ज्याला झेपतं त्याच्यावर. मारिओ कार्टमध्येही करता येतं. प्रत्येकाची सेटिंग वेगळी असते, तेव्हा ज्याला येतं त्याला टिल्ट द्यायचं, म्हणजे कंट्रोलरच वाकडा करून गाडी वळवायची. आमचे मुकादम त्यात पहिल्याच वळणाला पाण्यात गेले.

आजोळ

हे पसंत. रविवारी नातवाला टिल्ट. आणि मी त्याला आधी सांगून लावणार.

डब्बा_गुल

डाव्या हाताने खेळून हरवलं तर तो दुप्पट अपमान, एवढं ध्यानात ठेवा. माझ्या भावाने तेही करून झालंय.