शब्दचर्चा : 'फॅगोसायटोसिस' आणि त्याच्या मोजणीचे शब्द

प्रश्न : मॅक्रोफेज (शरीरातल्या कण गिळणाऱ्या) पेशी पॉलिस्टायरीनचे चमकणारे मणी किती गिळतात, हे मोजायची पद्धत मराठीत लिहितो आहे. फॅगोसायटोसिसला, म्हणजे पेशीने कण गिळण्याला, 'पेशीभक्षण' चालेल का? 'अपटेक' (आत घेणं) आणि 'फॅगोसायटिक इंडेक्स' (किती गिळलं ते सांगणारा अंक) यांचं काय करावं?

सूक्ष्मदर्शी : 'मणी' लिहिलंत ते बरं केलंत, 'बीड' म्हटलं की जिल्हा आठवतो. 'पेशीभक्षण' नको. मांसभक्षणात मांस खाल्लं जातं, त्याच चालीने इथे पेशीच कुणीतरी खाल्ली असं होतं. 'भक्षणक्रिया' आणि 'भक्षक पेशी' पुरे. 'भक्षिकोशिका' अचूक आहे, पण प्रयोगशाळेत कुणी म्हणत नाही.

'अपटेक'ला शब्द शोधण्याआधी नक्की काय मोजलं ते पाहा. फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) पेशी चमकली म्हणजे मणी तिच्याबरोबर आहे, एवढंच. तो आत गेलाय की बाहेर चिकटलाय, हे त्यावरून कळत नाही. तेवढ्यावर 'मणीयुक्त पेशी' लिहा. 'गिळला' लिहायला पुरावा हवा.

प्रश्नकर्ता : तुलनेसाठी बर्फावरची नळी ठेवली तर?

सूक्ष्मदर्शी : हवीच. ४ अंशांना गिळणं थांबतं, चिकटणं चालूच राहतं. पण पेशी आणि मणी वेगवेगळे गार करून मगच एकत्र करा. कोमट मिश्रण बर्फात ठेवलं तर ते गार होईपर्यंत काही मणी आत गेलेले असतात, आणि मग ३७ अंशांच्या आकड्यातून बर्फावरचा आकडा वजा करताना चूक होते. जोडीला ३७ अंशांवर सायटोकलॅसिन डीची (ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढू न देणाऱ्या औषधाची) नळी : १० मायक्रोमोलर, मणी घालण्याआधी ३० मिनिटं. ॲक्टिनचे तंतू वाढले नाहीत की पेशीला मण्याभोवती पडदा ओढता येत नाही. हे औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं असतं, तेव्हा तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेली एक नळीही लागते.

रंगारी : ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने बाहेरच्या मण्यांची चमक विझवतात, पण ती विझते एफआयटीसी हा चमकणारा रंग मण्याच्या पृष्ठभागावर जोडलेला असेल तरच. रंग मण्याच्या पोटात मुरवलेला असेल तर ट्रिपॅन ब्लू तिथवर पोचतच नाही, चिकटलेला मणी तसाच चमकत राहतो आणि आकडा फुगतो. उरलेला ट्रिपॅन ब्लू लाल चॅनेलमध्ये स्वतः चमकतो, ते वेगळंच. शिवाय फॅगोसोम (गिळलेला मणी ठेवणारी पेशीतली पिशवी) आम्लधर्मी होत जातो तसं एफआयटीसी मंदावतं. तासाभराने चमक कमी दिसली म्हणून गिळणं कमी झालं असं नाही.

पेशीमागे १० मणी, ३७ अंश, ३० ते ६० मिनिटं ही सुरुवात ठीक. मणी आधी व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोराने घुसळा), गुठळ्या असतील तर सोनिकेटर बाथ (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं भांडं). पेशींआधी नुसते मणी यंत्रातून काढून पाहा. तिथेच दुप्पट चमकीचं दुसरं शिखर दिसलं तर ती गुठळी आहे. पुढे तीच 'दोन मणी गिळलेली पेशी' म्हणून मोजली जाते.

प्रश्नकर्ता : आणि इंडेक्स? 'भक्षणांक'?

सूक्ष्मदर्शी : शब्द छान, पण व्याख्या दिल्याशिवाय वापरू नका. समजा २०० पेशी मोजल्या, १२० मध्ये मणी, एकूण मणी ३६०. कुणी गिळणाऱ्या पेशीमागे ३ लिहितो, कुणी एकूण पेशीमागे १.८, कुणी ६० टक्के गुणिले ३ म्हणजे १८०. काच एकच, अंक तीन! सूत्र शब्दाशेजारीच लिहा आणि ६० टक्के वेगळे द्या.

रंगारी : 'ऑप्सोनिन' राहिलं, म्हणजे कणाला चिकटून तो गिळणं सोपं करणारा पदार्थ. मूळ ग्रीक 'ऑप्सॉन' म्हणजे भाकरीबरोबरचं तोंडीलावणं, राइट आणि डग्लस यांनी १९०३ मध्ये त्यावरून नाव ठेवलं. मराठीत ऑप्सोनिनच राहू द्या. नुसतं 'ऑप्सोनीकृत मणी' मात्र अपुरं आहे, कशाने ते लिहा. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं की पूरक प्रथिनांची (कॉम्प्लिमेंटची) साखळी निकामी होते, आयजीजी हे प्रतिपिंड टिकतं. ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) असलेल्या नळीतल्या प्लाझ्मातही पूरक प्रथिनं कामाची नाहीत, कारण त्यांना लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ईडीटीएत अडकलेलं असतं. ताजं सीरम हवं असेल तर रक्त साध्या नळीत साकळू देऊन ते काढा.