हरि, हर आणि दोघांच्या मधे उभी शांतादुर्गा

कुळागर (फोंडा):
माझं माहेर पर्तगाळी मठाचं, म्हणजे वैष्णव. सासर कवळे मठाचं, स्मार्त. लग्न होऊन आले त्याच वर्षी कॅलेंडरवर लागोपाठ दोन दिवस दोन एकादश्या आल्या, आधी स्मार्त, मग भागवत. सासूबाईंचा उपास पहिल्या दिवशी, माझा दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले तर त्यांनी माझ्यासाठी वरीचे तांदूळ आधीच धुऊन ठेवले होते. स्वतःचा कालचा उपास सोडायचा असताना त्या माझ्यासाठी चुलीशी उभ्या होत्या.

हे आठवायचं कारण परवाचं कीर्तन. बुवांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की ब्रह्मा निर्माण करतो, विष्णू पाळतो, शिव लय करतो, आणि तिघांची कामं एकमेकांना पूरक आहेत. कीर्तन संपल्यावर सभामंडपात एका गृहस्थांनी त्यांना अडवलं. "हे नंतर जुळवलेलं आहे. मुळात शैव आणि वैष्णव भांडत होते," असं त्यांचं म्हणणं. बुवा हसून निघून गेले. मला मात्र उत्तर द्यावंसं वाटतं.

भांडण होतं हे कबूल. आपली कवळ्याच्या देवीची कथा ते कुठे लपवते? शिव आणि विष्णू यांचं युद्ध पेटलं, थांबेना, सृष्टी धोक्यात आली. ब्रह्मदेवाने देवीला साकडं घातलं. ती दोघांच्या मधे उभी राहिली, दोघांना दोन हातांनी धरलं आणि शांत केलं. म्हणून ती शांतादुर्गा. कवळ्याच्या गाभाऱ्यात तिच्या दोन बाजूंना आजही विष्णू आणि शिव आहेत. म्हणजे दोन थोर शक्ती आपोआप एकमेकींना पूरक होतात असं ही कथा म्हणत नाही. कोणीतरी मधे उभं राहून त्यांना पूरक करावं लागतं, असं म्हणते. त्रिमूर्तीच्या सूत्रात देवी नाही, आणि माझ्या मते ते सूत्र तिथेच अपुरं पडतं.

रोयण (सत्तरी):
ताई, कथा सुंदर आहे, पण ती उलट्या बाजूने वाचली जातेय. शांतादुर्गा ही मुळात आमची सातेर. सातेर म्हणजे वारूळ, रोयण. आजही गोव्यात कित्येक देवळांच्या गर्भगृहात मूर्तीऐवजी मातीचं वारूळच पुजलं जातं. ती भूमी. तिला शिव-विष्णूच्या भांडणात मध्यस्थ व्हायची गरज नव्हती, हे दोघे यायच्या आधीपासून ती होतीच. मोठ्या देवांचे उपासक आले, तिला संस्कृत नाव मिळालं आणि सोबत ही कथा. सभामंडपातले गृहस्थ बरोबर होते.

आणि कामांच्या वाटणीचं म्हणाल तर आमच्या गावात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे घालतात ती प्रार्थना, ऐका. ग्रामपुरुष, राखणदार, सातेर, रवळनाथ, सगळ्यांना एका दमात हाक. मूल हवं म्हणून ब्रह्मदेवाकडे आणि दुखणं जावं म्हणून शिवाकडे असं कोणी करत नाही. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार. काम कुठलंही असो, प्रसाद त्याच देवाचा. निर्मिती, पालन, संहार ही पोथीतली खाती झाली. गावचा देव सगळीच कामं करतो.

तुळशीवृंदावन (काणकोण):
तीन समान देव परस्परपूरक काम करतात, हे आम्हा माध्वांना मुळातच मान्य नाही. मध्वाचार्यांच्या मते देवांमध्ये तारतम्य आहे. हरि सर्वोत्तम, बाकीचे त्याच्या आज्ञेतले. विष्णुपुराणही स्पष्ट सांगतं की एकच जनार्दन सृष्टी, स्थिती आणि अंत करताना ब्रह्मा, विष्णू, शिव अशी नावं घेतो. कर्ता एकच. आषाढीला स्वामींकडून तप्तमुद्रा घेताना शंख-चक्राचा चटका दंडावर बसतो, तेव्हा आपण कुणाचे हा प्रश्न उरत नाही. समन्वय गोड वाटतो म्हणून सिद्धांत पातळ करू नये, एवढंच म्हणणं.

तरी एक सांगतो. आमचं कुलदैवत मंगेश. घरात कुठलंही मंगलकार्य असलं की पहिला नारळ मंगेशीला. त्यात आम्हाला कधी अडचण वाटली नाही, कारण शिव हा परम वैष्णव.

बेलपान (मडगाव):
तुळशीवृंदावन, हेच वाक्य आमचे लोक उलटं म्हणतात. लिंगोद्भवाची कथा घ्या. शिवाच्या अग्निस्तंभाचा तळ शोधायला विष्णू वराह होऊन खाली गेला, टोक शोधायला ब्रह्मा हंस होऊन वर. दोघांना अंत लागला नाही. ब्रह्म्याने लागला म्हणून खोटं सांगितलं आणि केतकीने खोटी साक्ष दिली. चतुर्थीच्या दिवसांत आमच्या घरात केगदीचा, म्हणजे केतकीचा, घमघमाट असायचा, पण आई बजावायची, हे फूल शिवाला नाही. शैव सिद्धांतात तर शिवाची कृत्यं पाच आहेत: सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव (झाकून ठेवणं) आणि अनुग्रह (कृपा). तिथे शिव म्हणजे शेवटचं खातं नव्हे, सगळंच त्याचं. तेव्हा प्रत्येक पंथाने इतर दोघांची कामं आपल्या देवाखाली घेतली आहेत.

मला जास्त खटकतो तो 'संहार' शब्दाचा अर्थ. लोक 'नाश' म्हणतात. संहार म्हणजे आवरून घेणं, परत गोळा करणं. लहानपणी बाणावलीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहायचो. पसरलेलं जाळं दोन्ही टोकांनी हळूहळू किनाऱ्याकडे यायचं, मग ते झाडून, वाळवून, घडी घालून ठेवायचे. ते न आवरता उद्या कोण टाकणार? पालनाइतकंच आवरणं हेही सांभाळणंच आहे. मंगेशीच्या पालखीला सोमवारी जमणारी माणसं नाश करणाऱ्यापुढे हात जोडत नसतात.

समई (म्हार्दोळ):
आमच्या म्हाळसेबद्दल कोणीच बोललं नाही. जेजुरीला म्हाळसा ही खंडोबाची पत्नी, म्हणजे शिवाकडची. आमच्या म्हार्दोळला तीच म्हाळसा नारायणी, विष्णूचं मोहिनीरूप. नाव तेच, बाजू बदलली. शैव कोण आणि वैष्णव कोण याची रेषा इतकी पक्की असती तर हे झालं नसतं.

कुळागर (फोंडा):
रोयण, सातेर आधीची आहे हे मला मान्य आहे. ती आधीपासून होती म्हणूनच तिच्याकडे मध्यस्थी आली. घरात भांडण लागलं की सगळ्यात जुन्या माणसालाच बोलावतात ना? नंतर आलेल्या दोघांना तिच्या दोन्ही बाजूंना जागा मिळाली, तिला त्यांच्या बाजूला नव्हे. कथा उशिरा रचली असेल, पण रचणाऱ्यांनी मधली जागा कुणाला दिली ते पाहा.

आणखी एक. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा केळशीची शांतादुर्गा, कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, सगळे जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आपल्या फोंड्यात, आले, कारण तेव्हा तिथे आदिलशाही होती. मंगेश 1560 मध्ये आला. ज्यांनी रात्री देव उचलून होडीत ठेवले त्यांच्यात स्मार्तही होते, वैष्णवही. तारतम्याचा वाद त्यांना माहीत नव्हता असं नाही. त्यांनी तो किनाऱ्यावर ठेवला.

बेलपान, रापणीचं मनाला भिडलं. सासूबाई गेल्या तेव्हा 'संहार' हा शब्द मला सहन होत नव्हता. 'आवरून घेतलं' हे कळतं.

तुळशीवृंदावन (काणकोण):
होडीचं मान्य. सिद्धांताचं नाही. वाद किनाऱ्यावर ठेवला, सोडून दिला नाही. पलीकडे पोचल्यावर दोन्ही मठ आपापल्या जागी राहिलेच, आणि तुमच्या घरातल्या दोन एकादश्याही एक झाल्या नाहीत.

रोयण (सत्तरी):
मीही तिथेच आहे जिथे होतो. पण होडीचा विषय निघालाच आहे तर तिसरा कुठे गेला तेही लिहितो. तिसवाडीतल्या करमळीचा ब्रह्मदेव लोकांनी सोबत घेऊन दूर आमच्या सत्तरीत आणला. त्या वस्तीला तेव्हापासून ब्रह्मकरमळी म्हणतात. काळ्या पाषाणातली उभी मूर्ती, कदंबांच्या काळातली. देशभर सांगतात की ब्रह्म्याला पूजा नाही, निर्मितीचं काम झालं, आता त्याची गरज संपली. इथे त्याला रोज पाणी घालतात, फूल वाहतात. कुळागरताई, वाळपईहून फार लांब नाही. या एकदा. गर्दी नसते, भटजी सावकाश सगळं दाखवतात.

कुळागर (फोंडा):
येते. भागवत एकादशी सोडून कुठलाही दिवस सांगा.