'इमोशनल लेबर'ला मराठीत काय म्हणायचं?

पंचायत समितीत कार्यालयप्रमुखांसाठी एक प्रशिक्षण-टिपण मराठीत करतेय. 'इमोशनल लेबर' म्हणजे नोकरीसाठी मनातलं दाबून तोंडावर हवा तो भाव ठेवणं. त्याला 'भावनिक श्रम' लिहिलं, तर शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "हे काय, श्रमदान का?" 'ताण' चालेल?

प्रतिसाद १

'ताण' नको. ताण काय, पूल बांधताना तारेलाही असतो. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली ही संज्ञा मांडली ती हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे यांच्यावरून. पहिलीने आतून काहीही वाटो, हसायचं; दुसऱ्याने कीव आली तरी गुरगुरायचं. आमच्या महसूल खात्यात ही दोन्ही कामं एकाच खुर्चीला असतात. जुलैत पंचनाम्याला गेलं की धीर द्यायचा आणि मार्चअखेर त्याच गावात वसुलीला आवाज चढवायचा.

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तेव्हा मी अव्वल कारकून होतो. पाणी ओसरल्यावर आमचे साहेब बाजारपेठेत फिरत होते. एका दुकानदाराने भिजलेल्या वह्या त्यांच्या हातात ठेवल्या. उधारीची शाई पार फुटली होती. साहेब "बघतो हां" एवढंच म्हणाले आणि पुढच्या दारात गेले. संध्याकाळी व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये वरिष्ठांनी साहेबांना आकडे उशिरा आले म्हणून सगळ्यांदेखत झापलं. बाहेर येऊन ते आम्हाला म्हणाले, "चला, दोन तासांत उरकू." त्यांना झापलं, हे तलाठ्यांना कळलंसुद्धा नाही. सावंतवाडीकडचा शिपाई तेवढा म्हणाला, "सायबानू, आदी चाय घेवा."

याला मराठीत 'गिळणं' म्हणतात. राग गिळतात, अपमान गिळतात, आवंढाही गिळतात. शब्द आहे, फक्त क्रियापद आहे. नाम हवं म्हणून 'गिळवणूक' पाडू नका, कृपा करा.

प्रतिसाद २

'कुचंबणा'?

प्रतिसाद १

कुचंबणा म्हणजे अडकून पडणं. वरून आदेश, खालून मोर्चा, मध्ये साहेब, तिथे ठीक. पण त्यात तोंडावरचा भाव सांभाळणं येत नाही.

प्रतिसाद ३

'मनाची हमाली' बघा. ओझं दुसऱ्याचं आणि वाहताना कण्हायचं नाही. खोट एकच, बंदरावर हमालीचा दर ठरलेला असतो.

मूळ प्रश्नकर्ती

'मनाची हमाली' लिहून फाइल वर पाठवली. साहेबांनी 'हमाली' खोडून 'श्रम' केलं, पण समासात पेन्सिलीने लिहिलंय: "शब्द बरोबर आहे."